सेंट चार्ल्स वेगळं, सेंट लुई वेगळं

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सवर कुणी लिहायला बसलं की हा घोळ ठरलेला. घुमटाचं, आगीत जळालेलं, गुलाम माणसांचे लिलाव झालेलं 'ते जुनं हॉटेल' म्हणत सेंट चार्ल्स आणि सेंट लुई या दोन हॉटेलांचं एकच करून टाकतात.

सेंट चार्ल्स बहुतेकांना ठाऊक असतं. १८३७ साली अमेरिकन वस्तीत सुरू झालं, १८५१ आणि १८९४ साली जळालं, तिसरी इमारत १९७४ साली पाडली. सेंट लुई १८३८चं, कॅनाल स्ट्रीटच्या अलीकडच्या फ्रेंच क्वार्टरमधलं, म्हणजे जुन्या फ्रेंच वस्तीतलं. तेही १८४० साली जळालं, पण लगेच पुन्हा उभं राहिलं. दोन्ही वस्त्यांचं इतकं बिनसलेलं होतं की १८३६ साली शहराच्या तीन नगरपालिका कराव्या लागल्या. हॉटेलं त्याच चढाओढीतली. सालांची गल्लत मी एकवेळ सोडून देईन.

घुमटाची सोडणार नाही. सेंट चार्ल्सचा घुमट बाहेरून बघायचा; नदीतून येणाऱ्यांना तो लांबूनच दिसे. १८५१च्या आगीत तो गेला आणि नव्या इमारतीवर बांधलाच नाही. सेंट लुईचा घुमट आतून बघायचा. त्याखालच्या गोल दालनात शहराचा बाजार भरे. जेम्स सिल्क बकिंगहॅमनं, म्हणजे कंपनी सरकारनं १८२३ साली कलकत्त्याहून हद्दपार केलेल्या त्याच संपादकानं, तो पाहून लिहून ठेवलाय. एकाच छताखाली अनेक लिलाववाले इंग्रजी-फ्रेंचमध्ये ओरडताहेत. कुणी जमीनजुमला विकतोय, कुणी चित्रं, कुणी माणसं. १८४२ साली त्याच्या पुस्तकात आलेलं प्रसिद्ध चित्र याच दालनाचं आहे. त्याखाली 'सेंट चार्ल्स' असं लिहिलेलं दिसलं की माझं डोकं फिरतं.

पण म्हणून 'लिलाव सेंट लुईत, सेंट चार्ल्स नुसतं थाटाचं' असं लिहिणं त्याहून वाईट. माणसं सेंट चार्ल्समध्येही विकली गेली. घुमटाखालचा लिलाव सेंट लुईचा, पाप दोघांचंही.

१८७४पासून काही वर्षं लुईझियानाचं राज्य सरकार सेंट लुईतच बसत होतं. १९१५च्या वादळानंतर हे हॉटेल पाडलं. त्या जागी १९६० साली आलेलं हॉटेल म्हणजे 'तेच जुनं हॉटेल' नव्हे, कुणी कितीही रंगवून सांगो. जुन्याचा खरा तुकडा बघायचा असेल तर चार्ट्रेस स्ट्रीटच्या बाजूला जा. तिथल्या जुन्या भिंतीवर हॉटेलच्या जुन्या नावातल्या 'एक्स्चेंज'मधली शेवटची पुसट अक्षरं अजून वाचता येतात. सेंट चार्ल्सच्या जागी मात्र ऑफिसांचा टॉवर आहे.