फरशी धुणं आणि फरशी निर्जंतुक करणं: जनावरांच्या दवाखान्यात पाणी नेमकं कुठे लागतं

उन्हाळा तापला की नाशिकमध्ये गंगापूर धरणातल्या साठ्याची चर्चा सुरू होते. पाणीकपात होणार का, कधीपासून, कोणत्या भागात, याच्या बातम्या येतात. सोसायट्यांमध्ये पाइप लावून गाड्या धुणाऱ्यांना टोकलं जातं. जनावरांच्या दवाखान्यातल्या पाइपला मात्र सहसा कुणी बोलत नाही. तिथे रोगराई असते, तिथे पाणी हवंच, असं आपण धरून चालतो. मलाही तिथली स्वच्छता जराही कमी व्हायला नको आहे. पण या दवाखान्यांत वाया जाणाऱ्या पाण्याचा मोठा भाग एका गैरसमजापोटी जातो: फरशी धुतली की ती निर्जंतुक झाली, असं मानलं जातं.

ही दोन वेगवेगळी कामं आहेत. धुण्यात आपण घाण जागेवरून हलवतो. विष्ठा, रक्त, लघवी, केस, लाळ, तेलकटपणा हे सगळं साबण आणि घासण्याने सुटतं आणि पाण्याबरोबर जातं. निर्जंतुक करण्यात जागेवर उरलेले जंतू औषधाने मारायचे असतात. पहिल्या कामाला पाणी आणि हाताचा जोर लागतो. दुसऱ्याला योग्य औषध, योग्य प्रमाण आणि वेळ लागतो, पाणी अगदी मोजकं. क्रमही ठरलेला आहे, आधी धुणं आणि मग औषध. दुसरं काम पहिल्याच्या पाण्यात उरकायला गेलं की पाणीही जातं आणि जंतूही राहतात.

पार्वो या विषाणूजन्य आजाराचं उदाहरण घेऊ, कारण कुत्र्याची पिल्लं पाहणाऱ्या प्रत्येक दवाखान्याला तो ठाऊक आहे. लस न झालेलं पिल्लू येतं, उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू असतात, सलाइन लावलं जातं. पिंजऱ्यात आणि खालच्या फरशीवर घाण होते. वास असह्य असतो, त्यामुळे हात आपसूक पाइपकडे जातो. नळ पूर्ण सोडून धार मारली की दोन मिनिटांत फरशी चकचकीत दिसते. प्रत्यक्षात धारेचे शिंतोडे भिंतीवर, शेजारच्या पिंजऱ्याच्या गजांवर आणि मावशींच्या पायांवर उडालेले असतात. पार्वोच्या विषाणूला चरबीचं बाह्य आवरण नसतं, म्हणून तो फार चिवट असतो. सावलीच्या, ओलसर जागी तो महिनोन् महिने टिकतो. साध्या पाण्याने तो मरत नाही. फरशी पुसायला सर्रास वापरली जाणारी अनेक सुगंधी द्रावणंही त्याला पुरी पडत नाहीत.

हेच काम कमी पाण्यात आणि जास्त खात्रीने होतं. हातमोजे घालून आधी कोरडी सफाई करायची: घाण जुन्या वर्तमानपत्राने किंवा टिश्यूने उचलायची आणि जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकायची. ही पायरी वगळली की पाणी सर्वांत जास्त लागतं, कारण मग घट्ट घाण धारेने ढकलत मोरीपर्यंत न्यावी लागते. उरलेला थर बादलीतल्या साबणाच्या पाण्याने ब्रश मारून घासायचा, थोड्या साध्या पाण्याने साबण काढायचा आणि वायपरने फरशी ओढून घ्यायची. इथे धुण्याचं काम संपलं. आता ब्लीच. घरगुती ब्लीच साधारण 5 टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्यात 30 मिली पुरतं. 10 टक्क्यांचा कॅन असेल तर त्याच्या निम्मं. हे द्रावण फरशीवर आणि गजांवर पसरून 10 मिनिटं ओलं राहू द्यायचं. एका पिंजऱ्याला अर्धा लिटर द्रावण पुरून उरतं.

ही 10 मिनिटं महत्त्वाची आहेत. एप्रिल-मे महिन्यात पंखा चालू असला तर फरशी त्याआधीच सुकते. तेव्हा पुन्हा हलका हात मारून ती ओली ठेवायची. औषध टाकून लगेच पुसून घेतलं तर फक्त ब्लीचचा वास राहतो. वेळ पूर्ण झाल्यावर स्वच्छ ओल्या फडक्याने पुसायचं आणि जागा वाळू द्यायची, कारण ब्लीच जनावरांच्या पंजांना आणि नाकाला झोंबतं. शेवटच्या या पुसण्यालाही पाइपची गरज नाही.

जास्तीचं पाणी औषधाच्या आड येतं, हे फारसं कुणी सांगत नाही. धार मारून फरशीवर डबकी राहिली की वर टाकलेलं मोजून केलेलं द्रावण पातळ होतं आणि प्रमाण बिघडतं. उलट घाण नीट न काढता ब्लीच ओतलं, तर त्याची ताकद त्या घाणीतच खर्च होते. म्हणून धुणं चांगलंच व्हायला हवं, फक्त ते पाइपने व्हायला नको. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी: काही जंतुनाशकं जड पाण्यात आणि साबणाचा अंश राहिला तर कमी पडतात. बाटलीवरचं लेबल एकदा तरी शांतपणे वाचायला हवं. ब्लीचचं द्रावण रोज ताजं करावं, उन्हात ठेवू नये आणि संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. मांजरं असतील तिथे काळं फिनाइल नकोच. त्यातली फिनॉलजन्य रसायनं मांजराच्या यकृताला नीट मोडून बाहेर टाकता येत नाहीत.

प्रत्येक रोगाला इतकं कडक औषध लागत नाही. कुत्र्यांच्या डिस्टेंपर या आजाराचा विषाणू आवरणाचा असल्यामुळे नेहमीच्या जंतुनाशकांनी लवकर निष्क्रिय होतो. गाई-म्हशींच्या लाळ्या-खुरकुताच्या विषाणूला आवरण नसतं, तरी आम्ल किंवा अल्कली त्याला सोसत नाही, म्हणून 4 टक्के धुण्याचा सोडा चालतो. सिन्नर-येवल्याकडच्या एखाद्या गावातल्या दवाखान्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढायचे असतील, तर ही माहिती फार कामाची आहे. जनावर तपासायला ज्यात उभं करतात त्या खोड्याखालचं शेण आधी फावड्याने उचलून उकिरड्यावर जावं. लाळ्या-खुरकुताचं जनावर असेल तर ते शेण वेगळं ठेवावं. मग थोड्या पाण्यात खराट्याने घासावं, शेवटी सोड्याचं पाणी शिंपडावं. रोज सकाळी सगळी जागा भिजवून काढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू लघवीतून पडतात आणि ओलाव्यात टिकतात, त्यामुळे सतत ओली राहणारी जागा जनावरांना आणि तिथे काम करणाऱ्यांनाही धोक्याची असते. धारेने उडणारे तुषार तोंडा-डोळ्यांत गेले तर तो धोका वाढतो.

शस्त्रक्रियेच्या हत्यारांनाही हाच क्रम लागू आहे. वाहत्या नळाखाली कात्र्या-चिमटे घासत बसण्यापेक्षा ते लगेच थंड पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवले तर रक्त वाळत नाही आणि नंतर थोड्या पाण्यात निघतं. हत्यार कितीही वेळ धुतलं तरी ते निर्जंतुक होत नाही. ते काम ऑटोक्लेव्हचं: 121 अंशांची वाफ आणि ठरलेला वेळ. पण बिजागरीत रक्त राहिलं तर तिथे वाफही नीट पोहोचत नाही.

हातांच्या बाबतीत मात्र सावध राहायला हवं. एका जनावराकडून दुसऱ्याकडे जाताना हात दिसायला स्वच्छ असतील तर अल्कोहोलचं सॅनिटायझर 20 ते 30 सेकंद चोळणं बहुतेक वेळा पुरतं आणि पाणी लागत नाही. हाताला घाण लागली असेल किंवा पार्वोचं पिल्लू हाताळलं असेल तर साबण-पाणीच हवं, कारण पार्वोवर अल्कोहोलचा भरवसा नाही. तिथे पाणी वाचवायचं ते साबण चोळताना नळ बंद ठेवून. कोपराने किंवा पायाने चालणारा नळ बसवला की हे आपोआप होतं. थोडा खर्च येतो, पण माझ्या मते दवाखान्यात करायची ही पहिली सुधारणा आहे.

आणि काही ठिकाणी पाण्याचा हिशेब करायचाच नाही. कुत्रा चावला किंवा मांजराने ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची आणि लगेच रेबीजच्या लसीसाठी माणसांच्या दवाखान्यात जायचं. रेबीजच्या विषाणूला आवरण असतं, साबणापुढे ते टिकत नाही, म्हणून इथे धुणं हाच उपचाराचा पहिला भाग आहे. टाकी अर्ध्यावर आली असली तरी ही 15 मिनिटं कमी करायची नाहीत. अडलेल्या गाईची सुटका करताना लागणारं पाणी, भरती केलेल्या जनावरांचं पिण्याचं पाणी आणि डोळ्यात औषध उडाल्यावर डोळा धुण्याचं पाणीही याच यादीत येतं. कपातीच्या दिवसांसाठी एवढं पाणी वेगळ्या टाकीत राखून ठेवावं.

वापरलेल्या पाण्याचं काय, हा प्रश्न उरतोच. एसीतून ठिबकणारं पाणी अंगण धुवायला किंवा झाडांना चालतं. पिंजरे धुतलेलं पाणी झाडांना घालू नये, त्यात जंतूही असतात आणि औषधही. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम पशुवैद्यकीय संस्थांनाही लागू आहेत आणि त्यानुसार असं सांडपाणी प्रक्रिया करून मगच गटारात सोडायचं असतं. बादलीभर पाण्यावर ही प्रक्रिया करणं शक्य असतं, पाइपने वाहून गेलेल्या शेकडो लिटरवर नाही.

आपल्या दवाखान्यात किती पाणी जातं हे पाहायचं असेल तर पाइपचं तोंड 15 लिटरच्या बादलीत धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजा. मग सकाळच्या सफाईत पाइप किती वेळ चालू असतो ते घड्याळ लावून पाहा. गुणाकार मावशींसमोर किंवा परिचरांसमोर करा. बादली, वायपर आणि खुणा केलेली मापाची बाटली त्यांच्या हातात द्या आणि 10 मिनिटं कशासाठी थांबायचं तेही सांगा. कारण कळलं की ही माणसं फार चोख काम करतात.