रोमन नाट्यगृहे आणि नाटक

प्राचीन रोममध्ये नाटक आधी आले आणि दगडी नाट्यगृह जवळजवळ दोनशे वर्षांनी. लिव्हिअस अँड्रोनायकसने ग्रीक नाटकाचे लॅटिन रूपांतर इ.स.पू. 240 मध्ये रोमच्या उत्सवात सादर केले. रोम शहरातील पहिले कायमस्वरूपी नाट्यगृह उभे राहिले ते इ.स.पू. 55 मध्ये. प्लॉटस आणि टेरेन्स या दोन थोर सुखात्मिकाकारांचे नाट्यलेखन या मधल्या काळातच झाले.

त्यांची नाटके सणासुदीला किंवा बड्या घराण्यातील अंत्यविधीच्या खेळांत होत. त्यासाठी लाकडी मंच उभारायचा आणि उत्सव सरला की मोडायचा, अशी रीत होती. खर्च अधिकारी करीत आणि लोक फुकट पाहत. शेजारीच इतर खेळ चालत, त्यामुळे प्रेक्षक टिकवणे ही नाटककाराची रोजची लढाई होती. टेरेन्सचे ‘हेकिरा’ (सासू) दोनदा अर्ध्यावर सोडावे लागले. एकदा दोरीवरच्या कसरतींच्या आणि मुष्टियोद्ध्यांच्या बोलबाल्याने, तर एकदा ग्लॅडिएटर येणार या बातमीने. तिसऱ्या खेपेला ते पार पडले. प्लॉटसच्या नाटकांतील धावता वेग, गाणी आणि प्रेक्षकांना थेट साद घालणे यांचे मूळ या परिस्थितीत शोधायला हवे.

दगडी बांधकामाला विरोध कट्टर होता. इ.स.पू. 154 च्या सुमारास सुरू झालेले नाट्यगृह राजकारणी स्किपिओ नासिकाच्या आग्रहावरून सेनेटने पाडायला लावले. ते निरुपयोगी आणि लोकांच्या नीतीला घातक आहे, असे कारण दिले गेले. त्यानंतर काही काळ लोकांना उभ्यानेच नाटक पाहावे लागले. बसलेला जमाव सभा भरवील, ही भीतीही त्यामागे असावी. दक्षिणेकडे, व्हीस्यूव्हिअसच्या पायथ्याशी असलेल्या पाँपेई नगरात मात्र त्याच शतकात दगडी नाट्यगृह होते.

सेनापती पाँपीने ही कोंडी फोडली. इ.स.पू. 55 च्या त्या पहिल्या नाट्यगृहात त्याने प्रेक्षागाराच्या माथ्यावर व्हीनसचे मंदिर बांधले. नंतरच्या काळातील ख्रिस्ती लेखक टर्टलियनच्या म्हणण्याप्रमाणे, आपण नाट्यगृह नव्हे तर मंदिर बांधले आहे आणि त्याच्या पायऱ्यांवर लोक बसतील, असे पाँपीने सांगितले. याच संकुलातील सभागृहात इ.स.पू. 44 मध्ये जूलिअस सीझरची हत्या झाली.

ग्रीक नाट्यगृह सहसा डोंगरउतारावर कोरलेले असे. रोमनांनी काँक्रीटच्या कमानींवर आसनांच्या रांगा उचलून धरल्या, म्हणून सपाट जागीही बांधणे शक्य झाले. मंचासमोरची जागा अर्धवर्तुळाकार झाली, मंच ठेंगणा व खोल, आणि मागे खांबांनी, पुतळ्यांनी नटलेली बहुमजली भिंत. फ्रान्समधील ऑरांज येथील अशी भिंत सुमारे 103 मीटर लांब व 37 मीटर उंच आहे. उन्हासाठी वर कापडी छत ताणत. पडद्याची रीत आपल्या उलट होती. खेळ सुरू होताना तो मंचाच्या कडेच्या खाचेत खाली जाई आणि शेवटी वर चढे. ‘पडदा पडला’ म्हणजे रोमन कानांना नाटकाची सुरुवात!

बसण्याची जागा माणसाची पायरी सांगे. सेनेट सदस्य पुढे, इ.स.पू. 67 च्या रोशिअन कायद्याने त्यांच्यामागील चौदा रांगा अश्वारोही वर्गाला, म्हणजे सेनेट सदस्यांखालोखालच्या श्रीमंत वर्गाला, मिळाल्या. सम्राट ऑगस्टसने स्त्रियांना सर्वांत वर नेले. मंचावरचा नट मात्र कायद्याने अप्रतिष्ठित. नटांत अनेक गुलाम असत. रोशिअससारख्या नटाला संपत्ती आणि वक्ता व राजकारणी सिसेरोची मैत्री लाभली, पण तो अपवाद.

खरा विरोधाभास असा की भव्य वास्तू उभ्या राहिल्या तेव्हा नवी सुखात्मिका मागे पडली होती. मुखवट्याविना खेळली जाणारी, स्त्रियाही जिच्यात भूमिका करीत अशी ‘माइम’ ही प्रहसने, आणि पिलाडीझ व बाथिलस या नटांनी इ.स.पू. 22 च्या सुमारास लोकप्रिय केलेले मूकनृत्यनाट्य यांनी ती जागा घेतली. तत्त्वज्ञ सेनेकाच्या शोकात्मिका रंगमंचावर झाल्या की फक्त वाचल्या गेल्या, यावर आजही वाद आहे.

रोममधील मार्सेलसच्या प्राचीन नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यांवर आज घरे आहेत. पाँपीचे नाट्यगृह दिसत नाही, पण व्हिया दी ग्रोत्ता पिंता या गल्लीतील घरे त्याच्या प्रेक्षागाराच्या वळणावर, त्याच अर्धवर्तुळात उभी आहेत.