बांगडा ताठरतो म्हणजे नेमकं काय होतं?

हर्णै बंदरावर संध्याकाळी एका पाहुण्याने टोपलीतला बांगडा उचलला आणि लगेच खाली ठेवला. "एवढा ताठ कसा? औषध मारलेलं दिसतंय." मावशींनी तोच बांगडा डोक्याकडून धरून आडवा केला. शेपटी जराही लवली नाही. "दादा, ताठ आहे म्हणून तर ताजा!"

मावशींचं बरोबर होतं. आपल्याकडे घट्ट होण्याला शब्द पुष्कळ, आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. रक्त गोठतं, पाक आळतो, खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजतं आणि उन्हात ठेवलं की परत पातळ होतं. मासा ताठरतो, त्याचं कारण मात्र थंडी नव्हे. त्याचं इंधन संपलेलं असतं.

स्नायूंत ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे असतात. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना माणसं दोर पकडतात, खेचतात, सोडतात, पुढे परत पकडतात. मायोसिनची बारीक डोकी ॲक्टिनच्या धाग्यावर हेच करतात. मला यातली सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट अशी, की धरलेला दोर सोडण्यासाठी एटीपी हा रेणू, म्हणजे पेशीचं इंधन, लागतो. तो मिळाला नाही तर पकड सुटतच नाही. मासा मेला की प्राणवायू बंद. स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेन या साखरेच्या साठ्यावर थोडा वेळ एटीपी बनतं, लॅक्टिक आम्ल साचतं, मग साठाही संपतो. तोवर पेशीत कॅल्शियम झिरपून डोक्यांना धागा पकडायला वाट मोकळी झालेली असते. कोट्यवधी हात दोरावर तसेच अडकतात. हेच ताठरणं. जाळ्यात फार तडफडलेल्या माशाने साठा आधीच उधळलेला असतो, म्हणून तो लवकर ताठरतो. पुढे स्नायूंतलीच विकरं (एन्झाइम) ही बांधणी तोडतात आणि मासा लुळा पडतो. बर्फात हे सावकाश होतं.

माणसाचा देहही असाच काही तासांत ताठरू लागतो आणि साधारण दीड-दोन दिवसांत सैल होतो, उकाड्यात त्याहूनही लवकर. तरीही "देह मऊ राहिला, पुण्यवान होते" असं अजून सांगितलं जातं. पुण्याचा इथे काहीही संबंध नाही. शोकात बुडालेल्या घरात असल्या चमत्कारांचा बाजार मांडणाऱ्यांना ठामपणे अडवायला हवं.

पाहुण्याला ज्या औषधाचा संशय होता, त्या फॉर्मलिननेही मांस घट्ट होतं, तेव्हा नुसत्या ताठपणावर जाऊ नका. डोळे आणि कल्लेही पाहा. मी त्या बांगड्याचे कल्ले उचलून पाहिले. लालभडक होते. पाहुणे तोवर निघून गेले होते, तो वाटा मी घेतला.