अंतर भागिले वेळ: सरासरी चालीच्या सूत्रामागचा इतिहास

एकूण कापलेल्या अंतराला लागलेल्या एकूण वेळाने भागलं की सरासरी चाल मिळते. शाळेत हे एका वाक्यात उरकतं. पण असा भागाकार उघडपणे मांडायला माणसाला फार काळ लागला.

युक्लिडच्या भूमितीत गुणोत्तर एकाच जातीच्या राशींचं असे: अंतराचं अंतराशी, वेळाचं वेळाशी. त्यामुळे ग्रीक विद्वान सारख्या वेळात कोण जास्त लांब गेलं याची तुलना करत. चालीला स्वतःचा आकडा नव्हता.

भारतीय ज्योतिर्गणितात हाच प्रश्न त्रैराशिकाने, म्हणजे तीन माहीत राशींवरून चौथी काढण्याच्या रीतीने सुटला. आर्यभटाच्या ग्रंथात (इ.स. 499) एका युगात 1,57,79,17,500 दिवस आणि चंद्राच्या 5,77,53,336 प्रदक्षिणा धरल्या आहेत. मग एका दिवसात किती? सुमारे 13.18 अंश. ही चंद्राची मध्यम गती. प्रत्यक्षात चंद्र एखाद्या दिवशी जेमतेम 12 अंश सरकतो, तर कधी 15. म्हणून आधी मध्यम स्थान काढायचं, मग त्याला संस्कार, म्हणजे दुरुस्ती, देऊन स्पष्ट म्हणजे प्रत्यक्ष स्थान. सरासरी आणि प्रत्यक्ष यांतला फरक इतका नेमका सांभाळणारी ही रीत मला थक्क करते. पुढे भास्कराचार्यांनी 1150 मध्ये क्षणापुरत्या, म्हणजे तात्कालिक गतीचाही विचार मांडला.

युरोपात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विल्यम हेट्सबरीने 1335 मध्ये नियम सांगितला: चाल एकसारख्या दराने वाढत असेल, तर कापलेलं अंतर मधल्या क्षणाच्या चालीने सतत गेल्याइतकंच भरतं. फ्रेंच विद्वान निकोल ओरेमने तो आकृतीने सिद्ध केला, त्रिकोणाचं क्षेत्रफळ निम्म्या उंचीच्या आयताएवढं दाखवून.

विद्यार्थी नेमके इथे फसतात, कारण दोन चाली मिळवून निम्मं करणं या अटीबाहेर सरसकट चालत नाही. 120 किमी जाताना ताशी 60, येताना ताशी 40 किमी असेल, तर वेळ 2 आणि 3 तास. 240 भागिले 5, म्हणजे ताशी 48 किमी, 50 नव्हे. कमी चालीने जास्त वेळ प्रवास झाला, हे साध्या बेरजेत दिसतच नाही.

गॅलिलिओनेही 1638 च्या ग्रंथात एकसमान गतीचे नियम भागाकाराने नव्हे, तर ग्रीकांसारखे प्रमाणांतच लिहिले. अंतराचा सूक्ष्म भाग भागिले वेळाचा सूक्ष्म भाग, अशी चालीची मांडणी 1700 च्या सुमारास फ्रेंच गणिती प्येर व्हारिन्योंने केली.