गजकर्ण, टॉवेल आणि ती ट्यूब

आमच्या घरी लहानपणी अंग पुसायला दोनच टॉवेल. एक वडिलांचा, दुसरा उरलेल्या पाच जणांचा. वडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते, तरी ही गत. घरी यायचा तो काठ उसवलेला, लूप सुटलेला सेकंडचा माल, आणि तोही पाव्हण्यांत वाटून संपायचा. त्या दुसऱ्या टॉवेलवरून आम्ही भावंडांनी काय काय वाटून घेतलं असेल, हे मला चाळिशीत, स्वतःला गजकर्ण झाल्यावर कळलं.

मे महिना होता. सोलापूरचा मे, म्हणजे पारा त्रेचाळीसच्या पुढे, खाली स्कूटरची तापलेली सीट आणि अंगात जीन्स. जांघेत रुपयाएवढा लाल चट्टा उठला. गल्लीतल्या मेडिकलवाल्याने न पाहताच ट्यूब काढून दिली. “हे लाव बे, दोन दिवसांत खाज गायब.” झालीही गायब! आठवड्याने चट्टा परत आला तो तळहाताएवढा होऊन. मी पुन्हा तीच ट्यूब आणली. असं चार वेळा झालं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी रिकामी ट्यूब मागितली आणि मग विचारलं, “घरात अजून कोणाला खाजतंय?” बायकोला खाजत होतं, मुलालाही. दोघंही तीच ट्यूब लावत होते.

गजकर्ण किंवा नायटा ही बुरशी. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि तो केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेला असतो. केस आणि नखंही त्याचीच. हे केराटिन या बुरशीचं अन्न. एका ठिकाणी बस्तान बसलं की ती चहूबाजूंनी बाहेर सरकत जाते. मधल्या भागात शरीराने तिला बऱ्यापैकी हटवलेलं असतं, म्हणून तिथली कातडी निवळते. जिवंत बुरशी असते ती कडेला. नीट उजेडात पाहिलं तर ती कड किंचित उचललेली दिसते, तिच्यावर बारीक कोंडा आणि कधी टाचणीच्या टोकाएवढे फोड. म्हणूनच मलम चट्ट्याच्या मध्यभागी थापून उपयोग नसतो. कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, जिथे कातडी अजून चांगली दिसतेय, तिथेही लावावं लागतं.

आता त्या ट्यूबकडे येऊ. त्यात तीन औषधं एकत्र होती: बुरशीचं, जंतूंचं आणि स्टेरॉइड. खाज, लाली, सूज हा सगळा बुरशीशी लढणाऱ्या आपल्या शरीराचा उद्योग. स्टेरॉइड ती लढाईच थांबवतं. दोन दिवसांत आराम पडतो तो त्यामुळे, आणि तोवर बुरशी निवांत चरत असते. पुढे चट्ट्याचं रूप इतकं बदलतं की डॉक्टरांनाही ओळखायला त्रास होतो. महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होते आणि जांघेत, काखेत कायमचे पांढरट ओरखडे उमटतात. माझे अजून आहेत.

ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचायची सवय लावून घ्या. बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन अशी शेवटी ‘सोन’ असलेली नावं दिसली, तर ते स्टेरॉइड समजा. खरी फसगत होते ती दोन नावांत. क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं साधं औषध, आणि क्लोबेटासॉल हे अत्यंत तीव्र स्टेरॉइड. घाईत वाचलं तर दोन्ही सारखीच वाटतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माहीतच आहे.

साधा, ताजा, लहान चट्टा असेल तर नुसतं क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. चट्टा दिसेनासा झाला तरी पुढे आठवडा-दोन आठवडे चालू ठेवायचं. आपण बहुतेक जण नेमके इथेच थांबतो. मात्र हल्ली साधं गजकर्णही चिवट झालंय. आपल्याकडे फैलावलेल्या एका बुरशीला 2020 साली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालं. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बुरशीच्या ज्या विकरावर (एन्झाइमवर) घाव घालतं, त्याच्याच जनुकात हिने बदल करून घेतलाय, त्यामुळे ते औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. चट्टे बरेच असतील, चेहऱ्यावर किंवा डोक्यात असतील, किंवा घरात मधुमेही असेल, तर स्वतः प्रयोग न करता डॉक्टर गाठलेला बरा.

आणि टॉवेल. अंग पुसताना कातडीचे सूक्ष्म कण टॉवेलच्या लूपमध्ये अडकतात, आणि त्या कणांवर बुरशीची बीजं महिनोन्महिने टिकून राहतात. आता आमच्या दोरीवर प्रत्येकाचा वेगळा टॉवेल असतो. ओळखायला कोपऱ्यात वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा टाका. गजकर्ण असेल त्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवायचे, आतली बाजू वर करून उन्हात घालायचे. चड्डीला इस्त्री मारायची. हसू नका, शिवणीत दडलेल्या बीजांवर तिचा चांगला उपयोग होतो. ऊन तर आपल्याकडे फुकट आहे.

पाण्याचं तसं नाही. नळाला कधी तीन, कधी पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात “सगळं अंथरूण-पांघरूण गरम पाण्याने धुवा” हा खरजेवरचा सल्ला ऐकून बायका डोक्याला हात लावतात. त्यांच्यासाठी एक सोय आहे. खरूज होते ती जेमतेम 0.3 ते 0.4 मिलिमीटरच्या किड्यामुळे. त्याची मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती खाज सुटते आणि रात्री ती वाढते. पण माणसाच्या अंगावरून खाली पडलेला हा किडा सहसा दोन-तीन दिवसांत मरतो. म्हणून जाड चादरी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून चार दिवस ठेवून दिल्या तरी काम होतं. सोलापुरी चादर पिळायचे कष्ट वाचले!

औषध मात्र चुकवू नका. 5 टक्के पर्मेथ्रिनचं मलम मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांच्या खालीही, रात्री लावून सकाळी अंघोळ. सात दिवसांनी पुन्हा एकदा. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाजत नसलं तरी. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, तेवढ्यात तो माणूस इतरांना खरूज देऊन मोकळा होतो. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज रेंगाळते, म्हणून औषध पुन्हा पुन्हा चोपडत बसू नये. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

घामोळ्याला एवढा खटाटोप नको. घामाच्या नलिकांची तोंडं बुजली की ते येतं. तेल, जाड क्रीम आणि पावडरचे थर ती आणखी बुजवतात. गार पाण्याची अंघोळ, सैल सुती कपडा आणि फार चुणचुणलं तर कॅलामाइन लोशन. टाचांच्या भेगांना साधं पांढरं व्हॅसलिन. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचे, टिपायचे, ओलसर असतानाच व्हॅसलिन लावून मोजे घालून झोपायचं. कातडीतून उडून जाणारं पाणी ते जवळपास पूर्ण अडवतं. मधुमेह असेल तर भेगा ब्लेडने खरवडणं ताबडतोब बंद करा.

स्वयंपाकघरातलं सगळंच निरुपद्रवी नसतं. लसूण ठेचून बांधला तर कातडी भाजते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं, तर फोड येऊन काळे डाग महिनोन्महिने राहतात.

एक चट्टा मात्र कुठलंही मलम लावण्याआधी तपासा: फिकट किंवा लालसर, न खाजणारा, न दुखणारा. डोळे मिटून त्यावर कापसाचं टोक फिरवा, मग शेजारच्या चांगल्या कातडीवर फिरवा. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो. त्याची गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने किंवा वर्षभराचा कोर्स पुरा केला की माणूस बरा होतो. नसेला इजा होण्याआधी गेलं, तर बोटं वाकडी होण्याची वेळच येत नाही.