डोमेन स्थलांतर आणि सर्च रँकिंग

वेबसाइट एका डोमेनवरून, म्हणजे वेबपत्त्याच्या मुख्य नावावरून, दुसऱ्या डोमेनवर नेताना सर्च इंजिनांतले तिचे स्थान टिकवून ठेवण्याची पद्धत. फर्मचे नाव बदलले, भागीदार वेगळे झाले, डॉट कॉम सोडून डॉट इन घेतले, अशा वेळी ती लागते. ठाणे-नवी मुंबईत नौपाड्यातले क्लास, वाशीतले दवाखाने, वागळे इस्टेटमधले छोटे कारखानदार यांना तिची खरी गरज पडते, कारण त्यांची बरीच चौकशी थेट गूगलवरून येते आणि वेबसाइट पाहायला वेगळा माणूस नसतो.

सर्च इंजिन प्रत्येक पानाची नोंद त्याच्या पूर्ण पत्त्यावर ठेवते. बाहेरून आलेल्या लिंकांचे वजनही त्या पत्त्याच्या खाती जमा होते. म्हणून जुन्या प्रत्येक पानाला नव्या डोमेनवरचे त्याचेच जोडीदार पान दाखवावे लागते. क्लासचे ‘दहावी विज्ञान’ हे पान नव्या ‘दहावी विज्ञान’वरच गेले पाहिजे. वेळ वाचवायला सगळी पाने होमपेजवर वळवली, तर गूगल त्यांना ‘सॉफ्ट ४०४’, म्हणजे नाहीशी झालेली पाने, समजू शकते आणि वर्षानुवर्षे कमावलेले स्थान जाते. स्थलांतरात यापेक्षा महागडी चूक क्वचितच होते.

वळवण्यासाठी ३०१ किंवा ३०८ या क्रमांकाचा कायमचा रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावरून आपोआप नव्यावर नेणारा सर्व्हरचा आदेश, वापरतात. ३०२ तात्पुरता असल्याने सर्च इंजिन जुनाच पत्ता धरून राहण्याची शक्यता असते. ३०१ मुळे पेजरँक (लिंकांवरून ठरणारे पानाचे वजन) गळतो ही समजूत अजून ऐकू येते. तसे होत नाही, असे गूगलच्या बाजूने २०१६ मध्येच सांगण्यात आले आहे. मात्र एका रीडायरेक्टवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर अशी साखळी होऊ देऊ नये. जुने डोमेन रोबोट्स फाइलमधून, म्हणजे सर्च इंजिनांनी कुठे शिरू नये ते सांगणाऱ्या फाइलमधून, बंद करणेही घातक. क्रॉलरला (पाने वाचत फिरणाऱ्या सर्च इंजिनच्या प्रोग्रामला) आत शिरताच आले नाही, तर रीडायरेक्ट दिसणार कसा?

मराठी पत्ते असलेल्या साइटना एक अडचण जास्तीची आहे आणि तिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. पत्त्यातले देवनागरी अक्षर सर्व्हरकडे टक्केचिन्हांच्या रूपात जाते. ‘ठाणे’ या दोन अक्षरांत युनिकोडची (संगणकातल्या अक्षरांच्या जागतिक संकेतप्रणालीची) चार चिन्हे आहेत. त्यांची टक्केचिन्हे, रोमन अक्षरे आणि आकडे मिळून ३६ चिन्हे होतात. त्यातही ‘नोकऱ्या’सारख्या शब्दातला ‘ऱ्य’ संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवला जातो: ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह, ‘र’ला नुक्ता (खालचे टिंब), किंवा ‘र’, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. डोळ्यांना तिन्ही सारखेच. रीडायरेक्टचा नियम एका प्रकारात लिहिला आणि जुना पत्ता दुसऱ्या प्रकारात असला, तर रीडायरेक्ट लागूच होत नाही. म्हणून जुन्या पत्त्यांची यादी हाताने टाइप न करता सर्व्हरच्या लॉगमधून (भेटींच्या नोंदीतून) किंवा जुन्या साइटमॅपमधून (साइटच्या पानांच्या यादीच्या फाइलमधून) उचलावी.

रीडायरेक्ट चालू झाल्यावर गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) दोन्ही डोमेनची मालकी सिद्ध करून पत्ताबदलाची सूचना देतात. साइटच्या आतल्या लिंका, कॅनॉनिकल टॅग (पानाचा मुख्य पत्ता कोणता ते सांगणारी खूण) आणि साइटमॅप नव्या पत्त्यावर आणतात. ‘माझ्या जवळचा दंतवैद्य’ असे शोधून येणारे रुग्ण ज्यांना हवेत, त्यांनी गूगल बिझनेस प्रोफाइलमधली (गूगल शोधात आणि नकाशावर दिसणाऱ्या व्यवसायाच्या नोंदीतली) लिंकही त्याच दिवशी बदलावी. मध्यम आकाराच्या साइटची बहुतेक पाने नव्या पत्त्यावर नोंदवली जायला काही आठवडे लागतात. तोवर क्रम वरखाली होतो. घाबरून रीडायरेक्ट मागे घेऊ नयेत.

रीडायरेक्ट निदान एक वर्ष ठेवावेत, असे गूगल सांगते. शक्य असेल तर त्याहून जास्त. त्यासाठी जुन्या डोमेनचे नूतनीकरण आणि त्याचे एसएसएल प्रमाणपत्र (साइटशी जोडणी सुरक्षित असल्याचा डिजिटल दाखला) दोन्ही चालू हवे. प्रमाणपत्र संपले, की ब्राउझर रीडायरेक्टच्या आधीच धोक्याची सूचना दाखवतो. डोमेनच सुटले, तर ते कुणीही विकत घेऊ शकतो आणि जुन्या व्हिजिटिंग कार्डावरून आलेले गिऱ्हाईक परक्याच्या पानावर जाते.