ऑक्सिमीटरच्या आकड्यामागची लहर

२०२० साली ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत पथकं घरोघरी फिरली, तेव्हा अनेकांनी पहिल्यांदाच ऑक्सिमीटर बोटाला लावून घेतला. ९७ दिसलं की जिवात जीव यायचा, ९१ दिसलं की दवाखान्याची धावपळ सुरू व्हायची. तो आकडा यंत्रानं थेट मोजलेला असतो असंच आपण धरून चालतो. पण त्या चिमट्यात रक्ताला स्पर्श करणारं काहीच नाही. एका बाजूला प्रकाश टाकणारे दोन एलईडी, समोर तो टिपणारा संवेदक, एवढंच. आकडा निघतो गणितातून, आणि ते गणित ज्यांना सुचलं ते मुळात ऑक्सिजन मोजायला निघालेच नव्हते.

ताकुओ आओयागी हे जपानच्या निहॉन कोडेन कंपनीतले अभियंते. हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलतं हे रक्त न काढता कसं मोजता येईल, हा १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा प्रश्न होता. शिरेतून रंगद्रव्य सोडायचं आणि कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून ते किती वेगानं विरळ होतं ते पाहायचं, अशी योजना होती. आलेख मात्र गुळगुळीत येईना. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला पाळीतल्या रोहिण्यांत रक्त भरतं, प्रकाश किंचित जास्त शोषला जातो आणि रेघेवर लहर उमटते. ही लहर घालवण्यासाठी त्यांनी रंगद्रव्य शोषत नाही असा दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश घेतला आणि त्याच्या आधारे पहिल्यातली लहर खोडून काढली. पण रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदललं की हिशेब बिघडायचा आणि लहर पुन्हा डोकं वर काढायची.

इथे आओयागींनी प्रश्नच फिरवला. ऑक्सिजन बदलल्यावर लहर बदलत असेल, तर त्या लहरीतच ऑक्सिजनची बातमी आहे! १९७४ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि त्याच वर्षी त्यांनी ही कल्पना जाहीरपणे मांडली. मला या शोधाचं मोठेपण यात वाटतं, की जे फेकून द्यायचं होतं तेच त्यांनी निरखून पाहिलं.

आजच्या यंत्रातही तत्त्व तेच. ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन लाल प्रकाश (सुमारे ६६० नॅनोमीटर) कमी शोषतं, ऑक्सिजन सोडलेलं पुष्कळ शोषतं. अवरक्त प्रकाशात (सुमारे ९४० नॅनोमीटर) हे उलट होतं. बोटातून पार येणारा बहुतेक प्रकाश स्थिर असतो; त्वचा, हाड, नीलांमधलं रक्त यांतून तो आलेला असतो. ठोक्याबरोबर हलणारा भाग एखाद-दोन टक्केच, पण तो रोहिणीतल्या ताज्या रक्ताचा. प्रत्येक रंगातल्या हलत्या भागाला त्याच रंगाच्या स्थिर भागानं भागायचं आणि मग दोन उत्तरांचं गुणोत्तर घ्यायचं. बोट जाड की बारीक, एलईडी प्रखर की मंद, हे सगळे प्रश्न त्या भागाकारात गळून पडतात.

गुणोत्तर १ आलं की पडद्यावर साधारण ८५ दिसतं. रुग्ण हात हलवू लागला की नीलांमधलं रक्तही हिंदकळतं, दोन्ही रंगांत सारखाच गोंधळ माजतो, गुणोत्तर १ कडे सरकतं आणि धडधाकट माणसाचाही ऑक्सिजन ८५ दिसू शकतो. नवजात बाळं तर सतत हात-पाय हलवत असतात.

यावर उपाय सापडला तो दुसऱ्याच वाटेनं. स्टॅनफर्डचे बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९६० मध्ये संकेतातला नको असलेला भाग वेगळा करणाऱ्या, स्वतःला सतत सुधारत राहणाऱ्या गाळणीचा गणिती नियम मांडला. १९७५ मधल्या लेखात विड्रो आणि सहकाऱ्यांनी त्याचा एक सुंदर उपयोग दाखवला: गर्भाच्या हृदयाचा ईसीजी. आईच्या पोटावरच्या इलेक्ट्रोडला दोन्ही हृदयं ‘ऐकू’ येतात आणि आईचं कितीतरी मोठ्यानं. छातीवरच्या इलेक्ट्रोडला जवळपास फक्त आईचं. छातीवरचा संकेत पोटावर कोणत्या रूपात पोहोचतो हे गाळणी क्षणोक्षणी शिकते, तेवढा वजा करते, आणि बाळाचे ठोके उरतात.

ऑक्सिमीटरजवळ असा ‘छातीवरचा’ वेगळा संकेत नसतो. १९९०च्या दशकात मॅसिमो कंपनीनं तो दोन रंगांमधूनच घडवला. प्रत्येक संभाव्य ऑक्सिजन-पातळी क्रमानं गृहीत धरायची, तिच्यावरून गोंधळाचा नमुना बनवायचा, गाळायचं आणि किती ऊर्जा उरते ते पाहायचं. उरलेल्या ऊर्जेच्या आलेखात नीला आणि रोहिणी अशी दोन शिखरं दिसली, तर जास्त ऑक्सिजनवालं शिखर रोहिणीचं.

तरीही गणिताच्या बाहेरचं एक गृहीतक शिल्लक राहतं. गुणोत्तरावरून टक्के काढण्याचा तक्ता निरोगी स्वयंसेवकांवरून बनतो. त्यांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन रोहिणीतलं रक्त तपासतात. साधारण ७० टक्क्यांखाली कुणाला नेता येत नाही, म्हणून त्याखालचे आकडे भरवशाचे नाहीत. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिनही दोनच रंगांच्या यंत्राला ऑक्सिजनवाल्यासारखं भासतं. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमुळे कोणी गुदमरलं आणि ऑक्सिमीटर ९८ दाखवत असला, तरी त्याला ताबडतोब मोकळ्या हवेत आणून रुग्णालयात न्यायला हवं.

त्वचेच्या रंगाचं काय? डिसेंबर २०२० मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवलं, की यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असताना रक्तात प्रत्यक्ष ८८ पेक्षा कमी ऑक्सिजन असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के होतं, श्वेतवर्णीयांत ३.६. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या सूचनांनुसार चाचणीला १० माणसं पुरत, त्यांत गडद त्वचेची किमान दोन. जानेवारी २०२५ च्या नव्या मसुद्यात जास्त माणसं आणि त्वचेच्या अनेक छटा अपेक्षित आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ऑक्सिमीटरच्या खोक्यावरही तो कोणत्या छटांच्या, किती माणसांवर तपासला हे छापलेलं असायला हवं.